विश्लेषण : शस्त्रक्रियेआधीच्या औषधांचा प्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो?

मोठी शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तरी पुढचे काही दिवस नातेवाईकांना धास्ती असते ती जंतुसंसर्गाची. नेमक्या याच दिवसांत शरीराची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते. शस्त्रक्रियेआधी आणि भुलीच्या वेळी दिलेल्या औषधांनी ती आणखी घटते की सावरते?

प्रतिकारशक्ती मंदावते कशामुळे?

शरीराच्या लेखी शस्त्रक्रिया ही एक मोठी जखमच. त्या ताणामुळे कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरके वाढतात, तर दुखावलेल्या पेशींमधून प्रोस्टाग्लँडिन हे रसायन स्रवते. जखमेभोवती दाह वाढतो. पण विषाणूबाधित आणि कर्करोगाच्या पेशी नष्ट करणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशी काही दिवस सुस्तावतात. कर्करोगाच्या रुग्णांसाठी हा काळ नाजूक असतो, कारण रक्तात निसटलेल्या गाठीच्या पेशींना तग धरण्याची संधी मिळू शकते.

स्टेरॉइडमुळे संसर्ग वाढतो का?

शस्त्रक्रियेनंतर मळमळ, उलटी होऊ नये म्हणून भुलीच्या वेळी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून जखम चिघळण्याची भीती होती. आठ हजारांहून अधिक रुग्णांवरील ‘पॅडी’ चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ८ मिलीग्रॅमचा एक डोस मिळालेल्यांपैकी ८.१ टक्के रुग्णांना जखमेचा संसर्ग झाला, तर औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण ९.१ टक्के होते. म्हणजेच एका डोसाने धोका वाढला नाही. मात्र हृदयाच्या शस्त्रक्रिया या चाचणीत नव्हत्या आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनाही हा निष्कर्ष लागू होत नाही.

ताण रोखणारी औषधे उपयोगी ठरतील?

इस्रायलमधील संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ३८ रुग्णांवर एक प्रयोग केला. अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम रोखणारे प्रोप्रानोलोल आणि प्रोस्टाग्लँडिन कमी करणारे एटोडोलॅक ही दोन जुनी औषधे शस्त्रक्रियेच्या पाच दिवस आधीपासून एकूण ११ दिवस दिली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषध घेतलेल्यांत दाहाचे निदर्शक कमी आढळले आणि प्रतिकारशक्तीतील घसरणही रोखली गेली. परंतु रक्तातील आकडे सुधारणे वेगळे आणि रुग्णाचे आयुष्य वाढणे वेगळे. ते सिद्ध करण्यास ३८ रुग्ण पुरेसे नाहीत.

मग ही औषधे सर्रास का देत नाहीत?

२००८ मधील ‘पॉइज’ चाचणी याचे उत्तर देते. आठ हजारांहून अधिक रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या काही तास आधी मेटोप्रोलोल हे प्रोप्रानोलोलच्याच गटातील औषध सुरू करण्यात आले. हृदयविकाराचे झटके कमी झाले. पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. शिवाय प्रोप्रानोलोल दम्याच्या रुग्णांसाठी धोकादायक आहे. कागदावर उत्तम दिसणारे औषध शस्त्रक्रियेच्या टेबलावर उलटू शकते, ते असे.

रुग्णांनी काय करावे?

सुरू असलेल्या प्रत्येक औषधाची माहिती भूलतज्ज्ञांना द्यावी. स्टेरॉइड किंवा रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवले, तर शस्त्रक्रियेचा ताण पेलण्याइतके कॉर्टिसोल शरीर तयार करू शकत नाही. मधुमेह असल्यास तोही सांगावा, कारण डेक्सामेथासोनने साखर वाढते. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून कुणी सुचवलेले औषध किंवा काढाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.