टाकीतला गॅस आदर्श नसतो

जुन्नर-आंबेगावच्या बारावी सायन्सच्या पोरांना आदर्श वायूची गणितं येतात, हे मला मान्य नाही. त्यांना 'पीव्ही बरोबर एनआरटी'मध्ये आकडे भरता येतात. या दोन गोष्टी एकच आहेत असं क्लासवाल्यांनी पोरांना पटवलंय, आणि टोमॅटो विकून फी भरणाऱ्या आईबापांनाही.

घरातली गॅसची टाकी घ्या. आत १४.२ किलो गॅस, टाकीची क्षमता ३३ लिटरच्या आसपास. एलपीजी म्हणजे प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण, तेव्हा एक मोल साधारण ५० ग्रॅमचा धरू. झाले २८४ मोल. तापमान २७ अंश, म्हणजे ३०० केल्विन. भरा सूत्रात. दाब येतो सुमारे २१० ॲटमॉस्फिअर. प्रत्यक्षात तो दहाच्याही आत असतो.

आकडेमोड कुठेच चुकलेली नाही. चुकलंय ते सूत्र उचलणंच. रेणू एकमेकांना ओढत नाहीत आणि त्यांचं स्वतःचं आकारमान नगण्य आहे, हे गृहीत धरून ते सूत्र उभं आहे. टाकीत तर बहुतांश द्रव आहे, आणि वायूचा द्रव होतो तोच मुळी रेणू एकमेकांना ओढतात म्हणून. थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी त्याच तापमानाला दाब जवळपास तेवढाच राहतो. अर्धा गॅस संपला म्हणून दाब अर्धा होत नाही. किती उरलाय ते बघायला आई टाकी उचलून हलवते, तेव्हा ती द्रवाचा अंदाज घेत असते. सूत्र पाठ असलेल्या पोरापेक्षा तिला ही टाकी जास्त कळलेली आहे.

यावर उत्तर ठरलेलं: सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न, ९० मिनिटं, विचार कधी करायचा? परीक्षेत नका करू. पण क्लास दोन वर्षं चालतो! तेवढ्यात एकदाही 'इथे हे सूत्र चालेल का?' असं विचारायला वेळ मिळत नाही? मी कोड लिहून पोट भरतो. इनपुट न तपासता बिनधास्त उत्तर देणाऱ्या फंक्शनला आमच्याकडे बग म्हणतात. क्लासमध्ये त्यालाच शॉर्टकट म्हणतात.

खरा, जवळजवळ आदर्श वायू बघायचा तर जुन्नर तालुक्यातच खोडदला जा. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. काही खोडदला, बाकीच्या आजूबाजूच्या गावांत पसरलेल्या. दीर्घिकांमधल्या हायड्रोजनची २१ सेंटीमीटर तरंगलांबीची लहर त्या टिपतात. आपल्या खोलीतल्या हवेत एका घनसेंटीमीटरमध्ये २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. ताऱ्यांमधल्या त्या ढगांत जेमतेम काही अणू. तिथे ते एकमेकांच्या वाटेला जवळपास जातच नाहीत. सूत्राच्या अटी टाकीत मोडतात आणि तिथे पाळल्या जातात, हे एका तासात शिकवून होईल. तरी या पट्ट्यातली पोरं त्या डिशपुढे सेल्फी काढून परत येतात.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात, तिथल्या कुणालाही विचारा, इतक्या लांबच्या ढगाचं तापमान कसं काढता. सीईटीला येणार नाही, तरी विचारा.