सात गुण झाले, आता वर जा

माझी भाची अमेरिकेत शिकते आणि कॉलेजच्या संघातून बॉलरूम नाचते. यावर घरात काय काय बोललं गेलं, तो वेगळा लेख होईल. परवा फोनवर म्हणाली, "मामू, पुन्हा दुसरे आलो. पहिले तेच, गेल्या वर्षीचे."

मी विचारलं, त्यांना कोणी वर का ढकलत नाही?

ढकलायची सोय आहे. तिथल्या कॉलेज स्पर्धांत न्यूकमर, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, मग नोव्हिस, प्री-चँप आणि चँप अशा पातळ्या असतात. वायसीएन नावाची गुणपद्धत चालते. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. वॉल्ट्झचा हिशोब वेगळा, चा-चाचा वेगळा. एका नाचात सात गुण झाले की त्या नाचात ती पातळी तुमच्यासाठी बंद. वरच्या पातळीवर मिळालेला गुण लगेच खालच्या पातळीत दुप्पट धरतात. त्याहीखाली तो एकटाच सात गुणांचा. म्हणजे गोल्डमध्ये एक गुण मिळवलेल्याने ब्राँझमध्ये परत येऊन मेडल वेचायची नाहीत.

यावर नेहमीची ओरड अशी, की गुण कसब मोजत नाहीत. खरं आहे. अंतिम फेरीत परीक्षक समोरच्या जोड्यांना फक्त क्रम देतात; मैदान कच्चं असेल तर कच्चाही पहिला येतो. म्हणून पातळी प्रशिक्षकाने ठरवावी, असं म्हणणारे आहेत. मला हे अजिबात पटत नाही. प्रशिक्षकाचं मत म्हणजे कोणाची शिकवणी लावलीय, कोणाशी ओळख आहे, हे सगळं आलंच. सात हा आकडा मात्र काल आलेल्या, खाजगी शिकवणी न परवडणाऱ्या पोरीलाही वाचता येतो. शिवाय या नियमाचं काम कसब मोजणं नाहीच. जिंकून झालेल्याने जागा सोडावी, एवढंच त्याचं काम.

आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धा आठवा. तेच पाठ केलेलं भाषण घेऊन जिल्हे पालथे घालणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. (आमच्या वेळी एकजण तर ढालीसाठी रिकामी पिशवी घेऊनच यायचा.) त्यांना कोणी कधी म्हटलं का, बाबा, आता पुरे?

पण तिथल्या नियमातही एक भोक आहे. जोड्या कमी असतील आणि थेट अंतिम फेरीच झाली, तर मेडल मिळतं पण गुण मिळत नाही. मुरलेल्या जोडीने छोट्या स्पर्धा निवडल्या की ब्राँझमध्ये मुक्काम लांबतो. शिवाय नाव नोंदवताना पातळी जोडीच निवडते. नियम आडवा येत नाही म्हणून ते बरोबर, असं आयोजकांनी तरी म्हणू नये. छोटी फेरी असो, जिंकली तर निदान एक गुण लावा. नवख्याला त्याने त्रास होईल म्हणतात. नवखा एका गुणाने कुठे बाहेर फेकला जातोय?

भाचीचे वॉल्ट्झमध्ये दोनच गुण होते. तरी गेल्या खेपेला तिने सिल्व्हरमध्ये नाव दिलं. वर जायला कोणाची आडकाठी नसते. पहिल्याच फेरीत बाहेर. दीड मिनिट नाचली असेल.

"मग आता?" मी विचारलं.

"पुढच्या महिन्यात परत सिल्व्हरच. अम्मीला सांगू नका मात्र, ती मेडल विचारते."