अनुदान नावाला की नांगराला?

शेतकऱ्याच्या बँक खात्यात वर्षाकाठी ६,००० रुपये थेट जमा करणारी पंतप्रधान किसान सन्मान निधी योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. २,००० रुपयांचे तीन हप्ते, आणि मध्ये दलाल नाही. हा तिचा गुण आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु पैसा कोणत्या वाटेने जातो, याइतकेच तो कोणाच्या हाती पडतो यालाही महत्त्व आहे. गोव्यापुरते बोलायचे तर याचे उत्तर समाधानकारक नाही.

या योजनेने शेतकरी म्हणजे जमीनधारक, अशी व्याख्या केली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमिनीच्या दप्तरात धारक म्हणून नाव असणे ही तिची मुख्य कसोटी. आरंभीची २ हेक्टरांची मर्यादाही त्याच वर्षी उठली. आयकर भरणाऱ्यांना वगळले, हे योग्यच झाले. परंतु दुसऱ्याच्या नावावरील शेत कसणारे कूळ या व्याख्येत बसत नाही. ज्याचे पाऊल वर्षानुवर्षे शेताच्या मेरेवर पडलेले नाही, त्याच्या खात्यात हप्ता जमा होऊ शकतो. सरदीचे भात लावून वायंगणाची तयारी करणारा मात्र कोरडाच राहतो. ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणतात तो हाच प्रकार.

गोव्याला हे विशेष बोचावे असा इतिहास आहे. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने तर कसणारा हाच जमिनीचा खरेदीदार मानला गेला. ज्यांनी पुढचे सोपस्कार पुरे करून सनद मिळविली ते आज मालक आहेत. परंतु ज्यांचे दावे मामलेदारांच्या दप्तरात अडकले, त्यांचे काय? २०१४ च्या दुरुस्तीने हे खटले दिवाणी न्यायालयांकडे नेले आणि पुढे तो निर्णय फिरवावा लागला. या येरझाऱ्यांत कुळांची वर्षे गेली. कायद्याने दिलेला हक्क दप्तरदिरंगाईने रोखायचा आणि दप्तरात नाव नाही म्हणून अनुदानही नाकारायचे, हा दुहेरी अन्याय होय.

कसणारा ओळखावा कसा, असा प्रश्न अधिकारी करतील. आमच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कब्जेदाराबरोबर कुळाचाही रकाना आहे. खाजन शेतीचे बांध आणि मानशी सांभाळणारे कूळसंघ मामलेदारांच्या देखरेखीखाली चालतात. त्यांच्याकडे सभासदांची नावे आहेत. ओडिशाने २०१८ च्या अखेरीस जाहीर केलेल्या कालिया योजनेत वाटेकऱ्यांना व भूमिहीन शेतमजूर कुटुंबांना स्थान दिले होते. तेलंगणाने त्याच वर्षी सुरू केलेल्या रयतु बंधू योजनेने मात्र पट्टाधारकालाच ओळखले आणि खंडकऱ्यांना बाहेर ठेवले. म्हणजे अडचण माहितीची नसून इच्छेची आहे.

कुळाला पैसे मिळाले तर जमिनीवर त्याचा दावा बळकट होईल, ही भाटकारांची भीती आम्ही जाणतो. त्यावर उपाय आहे. अनुदानाची पावती हा मालकीचा किंवा कुळवहिवाटीचा पुरावा ठरणार नाही, असे नियमातच नमूद करावे.

केंद्राची व्याख्या बदलेपर्यंत राज्य शासनाने स्वस्थ बसू नये. कृषी खाते, पंचायत आणि कूळसंघ यांनी मिळून दर हंगामात प्रत्यक्ष कसणाऱ्यांची यादी करावी, ती चावडीवर लावावी, हरकती ऐकाव्यात आणि जे केंद्राच्या योजनेतून सुटले त्यांना तेवढीच रक्कम राज्याच्या तिजोरीतून द्यावी. त्याचबरोबर कुळांचे प्रलंबित दावे ठरावीक मुदतीत निकालात काढावेत. पडीक जमिनीच्या कागदाला अनुदान देऊन भाताचे एक कणीसही वाढत नाही. ते कसणाऱ्याच्या हातून वाढते, आणि पैसा त्या हातापर्यंत पोहोचलाच पाहिजे.