टीव्हीच्या परवानगीनं गाणं

होम थिएटर घ्यायला दुकानात गेलात की विक्रेता एक वाक्य हमखास ऐकवतो : "सर, यात म्युझिकपण होतं." माझं भांडण त्या 'पण'शी आहे.

काळा, जाडजूड एव्ही रिसीव्हर. मागे जॅकांचं जंगल, पुढे एक मोठा गोल नॉब, खोक्यावर अ‍ॅटमॉसचं चिन्ह. त्याला पाच-सात स्पीकर आणि एक सबवूफर जोडायचा आणि गाणीही त्याच्यावरच ऐकायची, हा आपल्याकडचा रूढ मार्ग. माझं म्हणणं असं की ज्या घरात एक जरी माणूस मन लावून गाणं ऐकत असेल, तिथे पुढच्या दोन स्पीकरांना स्वतंत्र स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर हवा. सिनेमाच्या वेळी रिसीव्हरनं त्याच्याकडून काम करून घ्यावं. गाण्याच्या वेळी रिसीव्हर बंद असावा. टीव्ही तर असावाच बंद.

इथे ऑडिओफाइल मंडळी लगेच टाळ्या वाजवतील, म्हणून त्यांना आधीच हात जोडतो. वेगळ्या अ‍ॅम्पमध्ये 'आत्मा' असतो, 'ऊब' असते, असलं काही मी म्हणत नाहीये. दोन नीट बनवलेले अ‍ॅम्प, दोघांनाही झेपेल एवढ्या आवाजात, पातळी मोजून सारखी करून आणि डोळे बांधून ऐकवले, तर फरक सांगणं महाकठीण असतं. वॅटचा मुद्दाही माझा नाही. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर पीएमपीओचे हजारोंचे आकडे चिकटवलेले असत, त्यातून आपण अजून पुरते बाहेर आलेलो नाही. साधा हिशेब बघा. 87 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर 87 डेसिबल आवाज देतो. फ्लॅटच्या हॉलमध्ये हा मोठाच आवाज झाला. 20 वॅटनं त्यात 13 डेसिबलची भर पडते, 100 वॅटनं 20 ची. म्हणजे पाचपट वॅटनं हाती लागतात फक्त सात डेसिबल.

मग वेगळा अ‍ॅम्प कशासाठी? पहिलं कारण वयाचं. एचडीएमआय 1.4 आलं 2009 मध्ये, 2.0 आलं 2013 मध्ये, 2.1 आलं 2017 मध्ये. दर खेपेला कालचा धडधाकट रिसीव्हर नव्या टीव्हीपुढे म्हातारा ठरला. त्यातला पॉवर अ‍ॅम्प बिघडला नव्हता, जुनी झाली होती ती व्हिडिओची पाटी. उलट नॅडचा 3020 हा 1978 चा स्टिरिओ अ‍ॅम्प. कागदावर जेमतेम 20 वॅट. त्याचे कपॅसिटर बदलून लोक तो आजही वापरतात, कारण दोन तारांतून येणारा अ‍ॅनलॉग सिग्नल तेव्हा होता तसाच आहे. जी गोष्ट दर पाच वर्षांनी शिळी होते आणि जी चाळीस वर्षं टिकते, त्या दोघींची एकाच डब्यात मोट बांधू नये. हे सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या वर्षी शिकवतात. (पाळत कोणी नाही, ते सोडा.)

दुसरं कारण ऐकण्याचं. स्टिरिओचं पेटंट अ‍ॅलन ब्लुमलाइननं 1931 मध्ये दाखल केलं. सिनेमा बघताना पडद्यावरचा माणूस एकीकडे आणि त्याचा आवाज भलतीकडून, याचा त्याला वैताग आला होता, असं सांगतात. म्हणजे स्टिरिओची प्रेरणा सिनेमाच. पण त्याची खरी करामत अशी की दोनच स्पीकरांतून गायक मधोमध, जिथे स्पीकरच नाही तिथे, उभा राहतो. ख्यालाचं चांगलं स्टिरिओ ध्वनिमुद्रण ऐका. एक तानपुरा डावीकडे, एक उजवीकडे, आणि मधल्या रिकाम्या भिंतीतून षड्ज येतो. आता तेच रिसीव्हरवर लावा. अनेकदा तो सिनेमाच्या मोडमध्येच अडकलेला असतो. गायक टीव्हीखालच्या सेंटर स्पीकरमध्ये बसकण मारतो आणि टाळ्या सोफ्यामागून येतात. 'डायरेक्ट' मोड असतो ना, असं कोणी म्हणेल. असतो. पण तो शोधायला तीन मेनू, आणि बऱ्याचदा ते मेनू दिसायला टीव्ही चालू! आजोबांना यमन ऐकायचा असेल तर नातवानं घरी असावं लागतं. आकाशवाणीच्या काळात एक खटका आणि एक नॉब एवढ्यावर भागत होतं.

जोडणी अवघड नाही. रिसीव्हरच्या मागे 'प्री-आउट' असतात. त्यातले पुढचे डावा-उजवा आरसीए केबलनं स्टिरिओ अ‍ॅम्पच्या 'होम थिएटर बायपास'मध्ये घालायचे. बायपासवर अ‍ॅम्पचा नॉब निष्क्रिय होतो आणि सगळ्या स्पीकरांचा आवाज रिसीव्हर ठरवतो. माइक ठेवून करायचं कॅलिब्रेशन याच स्थितीत एकदा करायचं. सेंटर, मागचे आणि सबवूफर रिसीव्हरकडेच राहतात. गाण्यासाठी सीडी प्लेयर, टर्नटेबल किंवा स्ट्रीमर थेट अ‍ॅम्पला. बायपास नसेल तर नॉबवर एक खूण करून सिनेमाच्या वेळी तो तिथेच ठेवायचा.

दोन गोष्टी मात्र जिवावरच्या आहेत. बायपासच्या जॅकला सीडी प्लेयर कधी लावू नये. आवाज पूर्ण सुटतो आणि ट्वीटर जातो. आणि एकाच स्पीकरला दोन अ‍ॅम्पच्या तारा एकत्र पिळू नयेत. एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या आउटपुटात शिरतं आणि धूर निघू शकतो. पुण्यातल्या एका दुकानात मला हाच 'स्वस्तातला जुगाड' म्हणून सुचवला गेला होता, तोही आत्मविश्वासानं.

खरी अडचण वेगळीच आहे. स्वस्त रिसीव्हरांना सबवूफर सोडून प्री-आउट देतच नाहीत. दोन जॅक आणि थोडी सर्किटं, यांचा खर्च तो कितीसा? पण ते हवे असतील तर वरचं मॉडेल घ्या म्हणतात. वर गरज नसलेले चॅनेल गळ्यात पडतात. ग्राहकानं प्री-आउट आहेत का हे चॅनेल किती हे विचारण्याआधी विचारलं, तर दुकानदाराला निदान मागचं पॅनेल बघावं तरी लागेल.

"एवढे पैसे कुठून आणायचे?" हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर : छतातले स्पीकर रद्द करून. हेलिकॉप्टर डोक्यावरून वर्षातून किती वेळा जाणार? आधी दोन बरे स्पीकर, एक साधा स्टिरिओ अ‍ॅम्प, आणि टीव्हीचा आवाजही त्यातूनच. रिसीव्हर नंतर, ऐपतीप्रमाणे. आमच्याकडे मागचे दोन स्पीकर अजून यायचेत. तोवर सिनेमातले गुंड समोरूनच येतात.