उडत्या तबकड्या आणि कुलूपबंद कागद

अंधश्रद्धा अज्ञानातून जन्मते, असे आपण म्हणतो. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस हे विधान अपुरे वाटते. दडवलेल्या ज्ञानातूनही ती जन्मते. अमेरिकेतील उडत्या तबकड्यांचा इतिहास याची साक्ष देतो.

१९५५ साली नेवाडाच्या वाळवंटात ग्रूम लेक येथे ‘यू-२’ या हेरविमानाच्या गुप्त चाचण्या सुरू झाल्या. त्या काळी बहुतेक प्रवासी विमाने २०,००० फुटांपर्यंत उडत; हे विमान ६०,००० फुटांहून उंच जाई. खाली अंधारले तरी त्या उंचीवर ऊन असे आणि त्यात विमानाचे चंदेरी पंख पेटल्यासारखे झळकत. पाहणाऱ्या वैमानिकांना ते परग्रहावरील यान वाटले, यात नवल नाही. त्यांचे डोळे खरे होते, निष्कर्ष तेवढा चुकला. हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’चे तपासनीस अशा नोंदी हेरविमानांच्या उड्डाणांशी ताडून पाहत. खरे कारण कळले तरी जनतेला मात्र बर्फाच्या स्फटिकांसारखी दिशाभूल करणारी कारणे सांगितली जात.

संरक्षणासाठी काही गुप्तता लागते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु शासनाने असत्य सांगितले की जनतेचा सत्यावरचाही विश्वास उडतो, आणि त्या पोकळीत दंतकथा वाढतात.

हे कोडे श्रद्धेने सुटले नाही, टवाळीनेही नाही. जेफ्री रिचेलसन या संशोधकांनी २००५ साली तेथील माहितीच्या कायद्याखाली अर्ज केला. २०१३ साली सीआयएचा अंतर्गत इतिहास ‘एरिया ५१’ हे नाव न खोडता खुला झाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस व १९६० च्या दशकात बहुतांश काळ आलेल्या तबकड्यांच्या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक नोंदींचे मूळ आपल्याच विमानांत होते, असा दावा त्यात आहे. तोही तपासूनच घ्यावा. काल ज्यांनी सत्य दडवले, त्यांचा आजचा शब्द पुराव्यावाचून प्रमाण का मानावा?

ऐकीव आहे, परंपरेने आले आहे वा अधिकारी पुरुषाने सांगितले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, हाच तथागतांचा कालामांना उपदेश होता. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरापासूनच दूर ठेवले गेले, त्यांना कुलूपबंद ज्ञानाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आपल्या देशातही २००५ सालीच माहितीचा अधिकार कायदा झाला. या विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी आकाशातील गूढ प्रकाशापुढे हात जोडू नयेत आणि तो पाहणाऱ्याला हसूही नये. त्यांनी कागद मागावा.