सेकंदांचा हिशेब

गेल्या दिवाळींत आम्ही आमच्या मूळ गांवीं, माजलगाव तालुक्यांतील दिंद्रुड येथें गेलों होतों. पुण्याहून आमचा पुतण्याही आपली नवी विजेची मोटार घेऊन आला होता. घरापुढें दोन्ही गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या राहिल्या, तेव्हां आमच्या जुन्या फियाट पॅलिओकडे पाहून तो म्हणाला, “काका, एके काळीं हिचा वेग मोठा होता, कबूल. पण आतां घरोघरच्या गाड्याही हिला मागें टाकतात. मग हिच्यावर पैसा कशाला घालतां? मोडींत काढा.” पुतण्याचा हेतु चांगला होता. परंतु हें मत हल्लीं सुशिक्षित मंडळींच्या तोंडीं सर्वत्र ऐकूं येतें, आणि आम्हांस तें साफ चुकीचें वाटतें. म्हणून येथें त्याचा थोडा समाचार घेण्याचें योजिलें आहे.

प्रथम प्रतिपक्षाचें म्हणणें पूर्ण बळानिशीं मांडूं. २००१ सालीं पॅलिओची १.६ लिटरची आवृत्ति निघाली, तेव्हां १५९६ घनसेंटिमीटरचें, १०० अश्वशक्तीचें तिचें इंजिन ही मध्यमवर्गाच्या आटोक्यांतील गाड्यांत मोठी नवलाई होती. आज चाकणला तयार होणारी महिंद्राची ‘बीई ६’ शून्यापासून ताशीं १०० किलोमीटरचा वेग ६.७ सेकंदांत गांठते, आणि टाटांची विजेवरील ‘हॅरिअर’ ६.३ सेकंदांत, असें त्यांचे निर्माते सांगतात. आमच्या गाडीस याहून पुष्कळच अधिक वेळ लागतो. शिवाय नव्या गाडींत एअरबॅगा अधिक, आणि धूर मुळींच नाहीं. हें सर्व आम्हांस मान्य आहे. आंकड्यांच्या न्यायालयांत आमचा खटला पहिल्याच दिवशीं निकालांत निघेल.

पण तें न्यायालय शेवटचें, हें कोणीं ठरविलें? ह्या न्यायानें पुतण्याची गाडीही दोन-तीन वर्षांत मोडींत निघाली पाहिजे. कारण तिच्याहून अर्धा सेकंद चपळ अशी दुसरी येईल, आणि तिच्यामागून तिसरी. दुसऱ्याच्या गाडीची जाहिरात वाचतांच जें सुख नाहींसें होतें, तें गाडीचें सुख नव्हेच. तो निव्वळ हेवा होय.

शंकरपटाचेंच उदाहरण घ्या. बैलांची जोडी कितीही धांवली तरी साधी फटफटी तिला मागें टाकील. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या शर्यतींवर बंदी घातली, ती प्राण्यांच्या छळाच्या प्रश्नावरून. बैल मोटारीपुढें हरतो म्हणून नव्हे. पुढें शौकिनांनीं डिसेंबर २०२१ मध्यें परवानगी मिळविली, आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानेंही ती कायम केली. शर्यतींच्या बऱ्यावाईटाचा निर्णय आम्हांस येथें करावयाचा नाहीं. मुद्दा इतकाच कीं, खिलार जोडी जोपासणाऱ्या शेतकऱ्यास ट्रॅक्टरचा दाखला देऊन कोणी लाजवीत नाहीं. मग आम्हांसच कां लाजवावें?

आतां ह्या सुखाचें स्वरूप पाहूं. तेलगावाहून धारूरकडे जातांना बालाघाटाच्या रांगेंतील घाट लागतो. रस्ता अरुंद, वळणें अवघड. आमच्या गाडीच्या स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर व ब्रेक आम्हीं एका वृद्ध मिस्तरीकडून बदलून घेतले आहेत. एकेक भाग बसवून, पुनः घाट चढून, पुनः काढून. वळणापूर्वीं ब्रेक लावावा, दुसऱ्या गियरमध्यें यावें, इंजिनाचा सूर चढूं द्यावा, आणि चाकांखालची खडी स्टिअरिंगमधून बोटांना कळावी. हा सारा सोहळा ताशीं चाळीसच्या वेगांत होतो. पेट्रोलच्या इंजिनाचें बळ फेऱ्यांबरोबर चढतें. तें कोठें सांपडतें हें चालकास शिकावें लागतें. विजेची मोटार पहिल्याच क्षणीं पूर्ण जोर देते. ती सोय खरी. पण जें शिकावेंच लागत नाहीं, त्यांत शिकल्याचा आनंद कोठून येणार? पुतण्याच्या गाडींतून आम्ही परळीपर्यंत गेलों. वेग नव्वदचा आहे हें आम्हांस कांट्यावरून कळलें, अंगाला नव्हे. त्यांतून ऊसतोडीचा हंगाम. पुढें उसानें लादलेल्या जोड-ट्रॉल्या, आणि कित्येकांस मागें दिवाही नाहीं. अशा रस्त्यावर ते ६.३ सेकंद खर्चावयाचे कोठें?

आमच्या पक्षाचे लोकही निर्दोष नाहींत. सायलेन्सर फोडून गांवाची झोंप उडविणारे आणि हमरस्त्यावर शर्यती लावणारे ह्या छंदास काळिमा फांसतात. मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांमुळें निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ रचनेंत मनमानी फेरफार करण्यास मज्जाव आहे. आम्हांस ही मर्यादा योग्यच वाटते. आमच्या गाडीचें इंजिन, आकार व रंग मूळचेच आहेत.

राहतां राहिला पैशाचा प्रश्न. २०२७ सालीं आमच्या गाडीची नोंदणी पुनः करावी लागेल. वीस वर्षांवरील मोटारीचें शुल्क २०२५ पासून १०,००० रुपये झालें आहे. फियाटनेंही आपल्या नांवाच्या मोटारी ह्या देशांत विकणें बंद केलें. त्यामुळें एकेका सुट्या भागासाठीं चार गांवें पालथीं घालावीं लागतात. घरांतून ह्यावर जे शेरे ऐकूं येतात ते येथें छापण्याजोगे नाहींत. परंतु मोडींत केवळ पत्रा जात नाहीं. आमच्या मिस्तरीनें नुसत्या आवाजावरून दोष ओळखण्याची विद्या चाळीस वर्षांत मिळविली. त्याचा मुलगा ती शिकावयास तयार नाहीं, कारण अशा गाड्याच त्याच्या दारीं येईनाशा झाल्या आहेत. त्या अगदींच थांबल्या म्हणजे ती विद्याही त्याच्याबरोबर जाईल, आणि तिचें मोल कोणत्याही कांट्यावर उमटलेलें नसेल.

म्हणून आम्ही तें शुल्क भरणार आहों.