नव्या लेन्सआधी डोळ्यांची तपासणी

औषधांच्या चिठ्ठीवर कॅमेऱ्याच्या लेन्सचे नाव लिहिण्याचा प्रसंग माझ्यावर अद्याप आलेला नाही. परंतु ‘डॉक्टर, यांनी ही लेन्स घ्यावी की नाही, ते तुम्हीच सांगा,’ असा निवाडा अधूनमधून मागितला जातो. नागपूरकरांना त्याचे नवल वाटू नये. एकीकडे पेंच, दुसरीकडे उमरेड-कऱ्हांडला, जरा पुढे बोर, नागझिरा आणि ताडोबा. शिवाय सफारीचा खर्च परवडणार नाही त्या दिवशी अंबाझरी आहेच. निवृत्तीनंतर हाती कॅमेरा येण्यास याहून सोयीचे शहर कोणते असेल?

दूरपल्ल्याची झूम लेन्स सहज लाख-दीड लाखाच्या घरात जाते आणि तिचे वजन दोन किलोच्या आसपास भरते. घरातील मंडळी किमतीकडे पाहतात. मी वजनाकडे पाहतो, आणि त्याहीआधी घेणाऱ्याच्या डोळ्यांकडे.

माझे एक रुग्ण निवृत्त शिक्षक आहेत, वय ७१. पत्नीला पक्षाघात होऊन चार वर्षे झाली. तिचे स्नान, जेवण, औषधे सारे तेच पाहतात. आठवड्यातून दोन सकाळी मुलगी येऊन आईजवळ बसते, तेव्हा हे तलावावर पक्षी टिपायला जातात. गेल्या हिवाळ्यापासून त्यांना आपली छायाचित्रे धुरकट वाटू लागली. जुन्या कॅमेऱ्याचे दिवस भरले, असे ठरवून ते मुदतठेव मोडायला निघाले. आईच्या आजारपणाला पैसा लागणार असताना हे वेड कशाला, असे मुलीचे म्हणणे. मी त्यांना एवढेच विचारले, की ही छायाचित्रे आणखी कोणाला धुरकट दिसतात काय? नातवाला ती लख्ख दिसत होती. ज्या उजव्या डोळ्याने ते व्ह्यूफाइंडरमधून पाहत, त्या डोळ्यात मोतीबिंदू बराच वाढलेला होता.

यात त्यांना कमीपणा वाटण्याचे कारण नाही. मोतीबिंदू इतक्या सावकाश वाढतो, की आपल्याला जगच मळकट झाल्यासारखे वाटते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या उतारवयातील चित्रांत तांबूस-पिवळे रंग दाटत गेले होते; १९२३ साली त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली.

तेव्हा खरेदीआधी घरच्या घरी एक परीक्षा करावी. कॅमेरा टेबलावर, धान्याच्या लहान पिशवीवर टेकवावा, टायमर लावावा आणि समोरच्या घराची पाटी टिपावी. ते छायाचित्र मोठे करून तरुण नजरेच्या माणसास दाखवावे. अक्षरे स्वच्छ असतील, तर लेन्स निर्दोष आहे. मग व्ह्यूफाइंडरशेजारची बारीक चकती फिरवून आतील आकडे स्पष्ट दिसतात का, ते पाहावे. चष्म्याचा नंबर बदलला किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, की ही चकतीही नव्याने लावावी लागते. हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पिशवीवर टिपलेले स्पष्ट आणि हातात धरून टिपलेले अस्पष्ट येत असेल, तर हाताचा विचार करावा. कॅमेरा उचलून धरताच थरथरणारा हात बहुधा वयपरत्वे येणाऱ्या साध्या कंपाचा असतो. मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात कापत असेल, तर मात्र कॅमेऱ्याच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे यावे; तो कंपवात असू शकतो. दम्याचा पंप, थायरॉइडच्या गोळीचा अधिक झालेला डोस, फार कडक चहा यांनीही हात कापतो. मधुमेह्यांनी विशेष सावध राहावे. पहाटेच्या सफारीसाठी गोळी वा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी जिप्सीत बसल्यावर हात थरथरला आणि घाम फुटला, तर तो वाघ दिसल्याचा आनंद समजू नये; साखर उतरलेली असू शकते. खिशात ग्लुकोज ठेवावे, आणि त्या दिवसाच्या डोसबद्दल आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे.

नवे कॅमेरे हाताचे कंप बऱ्याच अंशी सावरून घेतात, हे खरे. त्यासाठी कोणी कॅमेरा बदलत असेल, तर मी विरोध करणार नाही. पण धावत्या हरणाचा वेग त्यांना थांबवता येत नाही. तेथे शटरच वेगवान लागते: ५०० मिलिमीटरच्या लेन्सला किमान १/५०० सेकंद, आणि हात कापत असेल तर १/१०००. हा उपाय फुकटचा आहे. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या हवेच्या लहरींमुळे पाणवठ्यावरचा वाघ वितळल्यासारखा येतो, त्याला तर कोणतीही लेन्स उपयोगी पडत नाही.

खांदा आखडलेला असेल, मानेचे दुखणे असेल किंवा हाडे ठिसूळ झाली असतील, तर दोन किलोचा विचार सोडून द्यावा. एक किलोच्या आतील दूरपल्ल्याच्या लेन्स मिळतात. मंद प्रकाशात त्या कमी पडतात, पण हातात उचलल्या तरी जातात. शक्य असल्यास आधी आठवडाभर भाड्याने आणून पाहावी. तिसऱ्या दिवशी ती कपाटात गेली, तर उत्तर मिळालेच.

मुलीचा पैशांचा प्रश्न उरतोच, आणि तो रास्त आहे. अचानक दवाखान्यात भरती करावे लागले, तर हाताशी असावी अशी रक्कम लेन्ससाठी मोडू नये, असे मी त्या शिक्षकांना स्पष्ट सांगितले. मुलीलाही तितक्याच स्पष्टपणे सांगितले, की तलावावरच्या त्या दोन सकाळी काढून घेऊ नका. वर्षानुवर्षे शुश्रूषा करणारा माणूस स्वतः कधी खचतो, ते घरच्यांच्या लक्षात येत नाही. त्यांचा रक्तदाब मी चार वर्षे मोजतो आहे.

ताडोबाचे गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटकांसाठी बंद असते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यांना धुळीपासून जपावेच लागते. म्हणून त्यांनी जुलैचा पहिला आठवडा ठरवला आहे. लेन्सचा विषय ऑक्टोबरपर्यंत तहकूब आहे. तोवर जुना कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात राहील, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही.